मदत हवी आहे: जुनी टर्बो डिझेल गरम झाली की बंद पडते

गाडी २०११ची, १.३ लिटर कॉमन रेल टर्बो डिझेल, १,६८,००० किलोमीटर झालेत. थंड असताना काही तक्रार नाही. तासभर चालवून घाट चढला की मात्र पुढच्या सिग्नलला किंवा टोलवर क्लच दाबताच इंजिन गप्प. झटके नाहीत, काळा धूर नाही, किल्ली फिरवल्यासारखं सरळ बंद. स्टार्टर जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. वीस मिनिटं थांबलं की पहिल्याच सेल्फला चालू! परवा खंबाटकी उतरल्यावर हेच झालं, मागे ट्रकची रांग.

डिझेल फिल्टर बदलला (पाणी निघालं नाही), ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला, बॅटरी नवी आहे, टर्बोचे होज कुठे फाटलेले नाहीत. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा नेहमीसारखा विझतो. स्कॅनरवर एकदाच पी००८७ हा एरर कोड आला, म्हणजे रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतला दाब) कमी. पुसल्यावर परत दिसला नाही. मेकॅनिक थेट हाय प्रेशर पंप बदला म्हणतोय. एवढा खर्च अंदाजाने करायचा नाही.

मला आधी क्रँक सेन्सरचा (इंजिन किती फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा) संशय होता, गरम झाल्यावर अनेकदा तोच दगा देतो. पण बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा उचलतो. तेवढ्यावरून सेन्सर ठीक धरायचा का? की इंजेक्टरमधून रिटर्न (टाकीकडे परत जाणारं डिझेल) जास्त जातोय? लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर मित्राकडून मिळेल. गरम इंजिनला सेल्फ मारताना रेल प्रेशर किती बारच्या खाली राहिलं तर दोष इंधनाच्या बाजूला समजायचा, आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट गरम असतानाच करावी लागते का?