केबांगला जातपंचायत म्हणता येईल का?

वर्गशिक्षिका: नमस्कार. अकरावीच्या समाजशास्त्राच्या तासाला अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यातल्या आदी लोकांविषयी शिकवताना मी त्यांच्या 'केबांग' या ग्रामसभेचा उल्लेख केला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, म्हणजे जातपंचायतच ना?" वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या बातम्या मुलांनी वाचलेल्या आहेत आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदाही त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तिचा प्रश्न मला रास्त वाटला, समाधानकारक उत्तर मात्र देता आले नाही. तिकडे राहिलेल्या कोणी कृपया सांगावे.

सियांगकाठ: बाई, जातपंचायत हा शब्द इथे लागू पडत नाही. आदींमध्ये कुळे आहेत, जाती नाहीत, आणि केबांग ही संपूर्ण गावाची असते. एका गावापुरती ती 'दोलुंग केबांग', गावागावांतला तंटा असेल तर 'बांगो केबांग', आणि त्याहूनही व्यापक प्रश्नासाठी 'बोगुम बोकांग केबांग'. पूर्वी तरुण मुले रात्री ज्या मोठ्या घरात झोपत, त्या मोशुपमध्येच ती भरत असे. त्यामुळे वडीलधाऱ्यांचे युक्तिवाद कानावर पडतच मुले वाढत, आणि मला यात त्या व्यवस्थेचे खरे बळ दिसते.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षे पासीघाटच्या बाजूला होतो. एकदा एका गावात रात्री मिथुन (गव्यासारखे मोठे पाळीव जनावर) भातात शिरला. हे जनावर रानात मोकळे चरते, मिठासाठी मालकाजवळ येते, आणि ते कोणाचे हे कानाला दिलेल्या कापावरून ओळखतात. सकाळी एका वृद्ध गामने, म्हणजे गावप्रमुखाने, आधी तो कान नीट पाहिला, मग तुडवलेला पट्टा पावलांनी मोजला, आणि त्यानंतरच दोन्ही घरच्यांना बोलायला सांगितले. कुंपण कोणाच्या वाट्याला होते, ते कधी मोडले, गेल्या वेळी काय ठरले होते, असे बोलणे दुपारपर्यंत चालले. हात वर करून मते मोजली नाहीत. दोघांनी मान्य करेपर्यंत कोणी उठले नाही. भरपाई धान्यात ठरली. मोठ्या गुन्ह्याला मात्र दंड मिथुनाच्याच रूपाने द्यावा लागतो, कारण तिथे तीच संपत्ती आणि तीच प्रतिष्ठा.

ईशान्यवाचक: वरील उत्तर योग्य आहे, तरी विद्यार्थिनीची शंका पूर्णपणे निकालात काढू नये, अशी माझी विनंती आहे. परंपरेने केबांगमध्ये निर्णय पुरुषच देत. झूम म्हणजे फिरत्या शेतीतली पेरणी आणि निंदणी, मागावर गाले (कमरेला गुंडाळायचे वस्त्र) विणणे, आपोंग (तांदळाची दारू) गाळणे हे सारे बाईच्या हातचे, पण ज्या बैठकीत त्या शेताचा निवाडा होई तिथे तिचे स्थान तक्रारदाराचे किंवा साक्षीदाराचे. आता काही गावांत स्त्रियांचीही गावप्रमुख म्हणून नेमणूक होते, हा बदल मुलांना जरूर सांगावा. आणखी एक: जुन्या पुस्तकांत या लोकांना 'आबोर' म्हटलेले आढळेल. ते बाहेरच्यांनी दिलेले, बेबंद अशा अर्थाचे नाव आहे. वर्गात ते वापरू नये.

वर्गशिक्षिका: दोघांचेही मनःपूर्वक आभार. केबांगच्या निर्णयाला कायद्याचा आधार आहे का, एवढेच विचारते.

सियांगकाठ: आहे. १९४५ च्या आसाम सीमाप्रदेश न्यायप्रशासन विनियमाने ग्रामप्रमुखांना किरकोळ दिवाणी आणि फौजदारी प्रकरणे परंपरेनुसार निकालात काढण्याचे अधिकार दिले. १९६७ च्या विनियमाने पंचायत राज आले, तरी केबांग संपली नाही. विकासकामे पंचायतीकडे गेली आणि तंटे बहुतांशी केबांगकडे राहिले. सरकारने नेमलेले ग्रामप्रमुख लाल कोट घालून बैठकीला येतात, तेव्हा त्यांचे छायाचित्र मिळाल्यास वर्गात दाखवा, कारण गावची जुनी सभा आणि सरकारी नेमणूक या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात.