लिनक्समधलं होम पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) लहान करायचंय, डेटा जाणार नाही ना?

प्रश्न: रूट (सिस्टिमचं पार्टिशन) ३० जीबीचं, पार भरलंय, आणि त्याला लागूनच पुढे २०० जीबीचं होम (माझ्या फाइल्सचं), एक्स्ट४ फाइलसिस्टिम (फाइल्स साठवायची रचना), निम्मं रिकामं. होममधली जागा रूटला द्यायचीये पण सगळे फोटो त्यातच आहेत, हात लावायला भीती वाटते.

उत्तर १: आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, चार-पाच उघडून बघा. एक्स्ट४ माउंट (सिस्टिमला जोडलेली, वापरात) असताना वाढवता येते, लहान नाही करता येत, म्हणून लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट करा, फाइलसिस्टिमचा चेक चालवा, मग आधी फाइलसिस्टिम लहान करायची आणि नंतरच पार्टिशन. उलटं केलं की फाइलसिस्टिमचे शेवटचे ब्लॉक (डेटाचे तुकडे) पार्टिशनच्या बाहेर राहतात, माझं झालंय असं, खूप मनस्ताप झाला.

उत्तर २: जीपार्टेड (पार्टिशन बदलायचं सॉफ्टवेअर) हा क्रम स्वतःच सांभाळतं. पण होमची सुरुवात पुढे सरकणार म्हणजे डेटा हलणार, तासन्‌तास जातात, मध्येच वीज गेली तर अवघड. लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा.

प्रश्नकर्ता: कॉपी लावलीये, झाली की करतो.