ट्री ऑफ लाइफ : घरातल्या मरणाला विश्वाचा जन्म कशाला जोडायचा?

धागाकर्ती, कर्वेनगर
रविवारी मैत्रिणीकडे आम्ही सहा जणांनी टेरेन्स मॅलिकचा ‘द ट्री ऑफ लाइफ’ पाहिला. २०११ साली कान महोत्सवात काहींनी याची हुर्यो उडवली, काहींनी टाळ्या वाजवल्या, आणि तिथला सर्वोच्च पाम दोर यालाच मिळाला. आमच्यातलेही दोघं अर्ध्यातून उठून गच्चीत गेले.
गोष्ट साधी आहे. १९५०च्या दशकातलं टेक्सासमधलं वेको, कडक बाप, मायाळू आई, तीन मुलगे. त्यातला एक १९व्या वर्षी गेल्याची तार येते. आणि तिथून दिग्दर्शक पार विश्वाच्या जन्मापर्यंत मागे जातो : तेजोमेघ, ज्वालामुखी, पेशी, डायनासोर. मला त्या तार घेतलेल्या आईपाशी थांबायचं होतं. तिला तिथेच टाकून आपण निघून जातो, हे मला अजून बोचतंय.

एरंडवणे
टाकून नाही जात. तीच देवाला विचारते, तू कुठे होतास? सिनेमाच्या सुरुवातीला बायबलमधल्या, सगळं गमावून देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाच्या कथेतल्या ओळी आहेत. त्यात देव माणसाला विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? पुढचं सगळं विश्व म्हणजे तिच्या प्रश्नासमोर ठेवलेला हा प्रश्न आहे. स्पेशल इफेक्ट्सचे जाणकार डग्लस ट्रम्बुल यांच्या मदतीने पाण्यात रंग आणि रसायनं सोडून त्यातले किती तरी आकार टिपलेत, म्हणून ते इतके जिवंत वाटतात.
माझा धाकटा भाऊ गेला त्या रात्री मी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. कोण काय बोलतंय ते कानात शिरत नव्हतं, पण समोरच्या पिंपळाचं पान न् पान दिसत होतं. पडद्यावर ते सगळं सुरू झालं तेव्हा मला ती पायरी आठवली.

धायरी
विश्वाचं राहू द्या. माझ्यासाठी हा सिनेमा म्हणजे ब्रॅड पिटने उभा केलेला बाप. पोराने दार आपटलं म्हणून तो ते हळू लावायला सांगतो, ५० वेळा, मोजून. आमच्याकडे जेवताना भांड्याचा आवाज झाला की ताट बाजूला सारावं लागे. पुढे कारखाना बंद होतो आणि तोच बाप मुलाजवळ कबूल करतो की मी तुझ्याशी कठोर वागलो. माझ्या वडिलांकडून हे कधी ऐकायला मिळालं नाही. तिथे मी रडलो.

धागाकर्ती, कर्वेनगर
धायरी, बापाचे प्रसंग अस्सल आहेत, शंकाच नाही. म्हणून तर आईचं जास्त लागतं. ती हिरवळीवर पाय धुते, हवेत तरंगते, पोरांवर माया करते, बोलते किती? आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांत बाई देवालाही खडसावते. थोरल्या मुलाची भूमिका करणारा शॉन पेनही म्हणाला होता की पटकथा वाचताना जी भावना जाणवली ती पडद्यावर सापडली नाही, सरळ कथन असतं तर बरं झालं असतं.

एरंडवणे
पण सिनेमा जरूर बघा, असंही तो म्हणाला होता. आणि शेवटी हात वर करून आई म्हणते, माझा मुलगा तुला देते. ते बोलणं नाही का?

धागाकर्ती, कर्वेनगर
आहे. ते वाक्य मी दोनदा मागे घेऊन ऐकलं. पण तार आली तिथपासून या वाक्यापर्यंत ती बाई पोचली कशी, तेच मला बघायचं होतं.