चिकणमाती ओल धरते, पण झाडाला देते किती?

चिकणमाती पाणी धरते, म्हणून कोरड्या चराऊ रानात गवत तिथेच जास्त यायला हवं, असं वरच्या प्रतिसादात म्हटलंय. अमेरिकेतल्या नेवाडात बऱ्याचदा उलटं दिसतं, म्हणून थोडी भर घालतो.

तिथे डोंगरातून बाहेर पडणारे ओढे पायथ्याशी पंख्यासारखा गाळाचा उतार तयार करतात. ताज्या गाळात वाळू-गोटेच जास्त. चिकणमातीचा घट्ट थर सापडतो तो ओढ्याने कधीच सोडून दिलेल्या जुन्या भागांवर. हिमयुगातल्या ओलसर काळात वाऱ्याने आणलेली बारीक धूळ पाण्याबरोबर खाली झिरपून तो बसत गेला.

पाऊस मुळातच कमी. चिकणमातीत तो वरच अडकतो आणि उन्हाने उडून जातो. उरलेलं पाणी कणांना इतकं घट्ट धरलेलं असतं की मुळांना ओढता येत नाही. वाळूत तेच पाणी खोल जाऊन वाचतं. झुडपांमधल्या उघड्या जमिनीवरचा पापुद्रा फोडून बघा, आत टाचणीच्या डोक्याएवढी बंद छिद्रं दिसतात. त्यातून पाणी सहज मुरत नाही. आणि बर्फ वितळल्यावर जे थोडं मुरतं, ते खालच्या चिकणमातीच्या थरावर तुंबतं. अशा जागी उंच सेजब्रश (तिथलं रानझुडूप) मागे पडतो आणि गुडघ्याखालीच राहणारा ठेंगणा सेजब्रश टिकतो. झुडूप बघून जमिनीखालचा अंदाज येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

स्मेक्टाइट (ओलं झालं की फुगणारं, वाळलं की आकसणारं चिकणमातीतलं खनिज) जास्त असेल तिथे आपल्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात, खनिज तेच. अशा जमिनीवर वसंतात गुरं सोडण्याआधी बूट रुततो का ते बघावं. रुतत असेल तर खुरांनी माती दबते आणि पुढचा पाऊस वरूनच वाहून जातो.