मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल वस्तीत विद्यार्थ्यांचा सेवागट नेताना काय काय बघावं?

यराकाठ:
मेलबर्नच्या शाळेतले १४ विद्यार्थी (दहावी-अकरावी) आणि ३ शिक्षक असा गट जुलैच्या सुट्टीत ॲलिस स्प्रिंग्जपलीकडच्या एका वस्तीत आठवडाभर न्यायचं घाटतंय. शाळेच्या भिंती रंगवणं, लहान मुलांना वाचून दाखवणं असं काम योजलंय. पालक समितीत आम्ही काही मराठी घरं आहोत, म्हणून इथे विचारतेय. परवाने, गाड्या, सामान आणि नेमकं कुठे फसतं, हे जाणकारांनी सांगावं.

स्पिनिफेक्स:
जुलैची सुट्टी हीच पहिली अडचण. ॲलिस ज्या नॉर्दर्न टेरिटरीत येतं, तिथल्या शाळाही तेव्हा बंद असतात. शिक्षक गावाबाहेर, बरीच कुटुंबं नातलगांकडे. वाचून दाखवणार कोणाला? मे किंवा ऑगस्टमध्ये आठवडा काढता येतो का बघा.

भिंती रंगवायचं डोक्यातून काढा. ज्या कामाची मजुरी वस्तीतल्या तरुणाला मिळू शकते ते तुमची मुलं फुकटात करणार, आणि तेही कच्चं. काम तिथल्या माणसांनी सुचवावं: मुलांचे खेळ घेणं, सामूहिक स्वयंपाकघरात हात लावणं, ज्येष्ठांसोबत जाऊन त्यांच्यासाठी सरपण आणणं. ‘काम नको, बसा आणि ऐका’ असं उत्तर आलं तर तेही मनापासून स्वीकारा.

आधी आमंत्रण, मग परवाना. वस्तीतली शाळा, आर्ट सेंटर किंवा स्थानिक कॉर्पोरेशन (वस्तीतल्या लोकांची नोंदणीकृत संस्था) यांच्याकडून लेखी होकार घ्या. मग ॲबोरिजिनल जमिनीवर शिरायचा परवाना सेंट्रल लँड काउन्सिलकडे, म्हणजे या भागातल्या ॲबोरिजिनल जमिनीचं काम बघणाऱ्या संस्थेकडे, मागा. प्रत्येकाचं नाव, गाड्यांचे क्रमांक, तारखा आणि रस्ता अर्जात हवा. काउन्सिलला जमिनीच्या पारंपरिक मालकांना विचारावं लागतं, म्हणून काही महिने हातात ठेवा. दक्षिणेकडच्या, साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातल्या एपीवाय लँड्स या ॲबोरिजिनल भूभागाचा परवाना वेगळा, ग्रेट सेंट्रल रोडने पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरलात तर तिथलाही वेगळा. मुलांसोबत काम करण्यासाठी टेरिटरीचं ओकर कार्ड (पार्श्वभूमी तपासल्याचा दाखला) असतं. व्हिक्टोरियाचं कार्ड चालेल असं गृहीत धरू नका, आधी विचारून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘सॉरी बिझनेस’. वस्तीत मृत्यू झाला की शोकविधी सुरू होतात आणि बाहेरच्यांची भेट पुढे ढकलली जाते. तुम्ही ॲलिसला पोचलेले असलात तरी. तिकिटं बदलता येण्याजोगी घ्या, ॲलिसमध्येच चार दिवस घालवता येतील असा दुसरा बेत तयार ठेवा आणि पालकांकडून आधीच सही घ्या. ‘इतके पैसे भरलेत’ म्हणून वस्तीवर दबाव आणणाऱ्या गटाला पुन्हा कुणी बोलवत नाही, आणि ते योग्यच आहे.

दोन_स्टेपन्या:
अंतराचा अंदाज यावा म्हणून सांगते: युएन्डुमू ही वस्ती ॲलिसपासून टनामी रस्त्याने जवळपास २९० किमी. भाड्याच्या गाडीचा विमा बऱ्याचदा कच्च्या रस्त्यावर लागू नसतो, तेवढं कलम वाचूनच सही करा. फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेलच घ्या. प्रत्येक गाडीत दोन स्टेपन्या, हवा भरायचा कॉम्प्रेसर, वाळूत जॅक रुतू नये म्हणून खाली ठेवायची फळी, माणशी रोज १० लिटर पाणी आणि वर एका दिवसाचं राखीव. वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. सॅटेलाइट फोन हवाच, आणि आसपासच्या गाड्यांशी बोलायला यूएचएफ रेडिओ, चॅनल ४०वर.

पन्हाळी उठलेल्या रस्त्यावर टायरची हवा थोडी कमी करतात, पण मग वेगही ८०च्या आत हवा. कमी हवा आणि जास्त वेग एकत्र आले की टायर तापून फुटतो. सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचा, नंतर रस्त्यावर कांगारू आणि गुरं येतात. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत निघू नका.

पेट्रोलचे कॅन नेऊ नका. पेट्रोल हुंगून नशा करण्याच्या व्यसनामुळे या भागात २००५पासून ओपल नावाचं कमी ॲरोमॅटिक (म्हणजे नशा आणणारे घटक कमी असलेलं) पेट्रोल आणलं गेलं. त्याच कारणासाठी मुलांचे डिओडरंट स्प्रे, थिनर, गोंद घरीच ठेवा. रोल-ऑन चालतं. बहुतेक वस्त्यांत दारूबंदी आहे, सामानात बाटली सापडली तर गुन्हा.

मसूरभात:
वस्तीच्या दुकानात माल ठरावीक दिवशी ट्रकने येतो. १७ जणांनी दूध-ब्रेड उचलला तर गावाला उरत नाही. तांदूळ, डाळ, पोहे, कांदे-बटाटे ॲलिसहून न्या आणि थोडी खरेदी मात्र तिथेच करा. जुलैत रात्री पारा शून्याजवळ जातो, झोपायच्या पिशव्या त्या हिशोबाने घ्या.

घसा दुखत असलेला विद्यार्थी नेऊ नका. स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गातून होणारा संधिवाती ताप आणि त्यातून बिघडणाऱ्या हृदयाच्या झडपा हा या वस्त्यांतल्या मुलांचा मोठा आजार आहे. फ्लूची लस सगळ्यांनी आधी घ्या. तीव्र ॲलर्जी असलेल्याकडे ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शनं हवीत, फ्लाइंग डॉक्टर या हवाई वैद्यकीय सेवेचं विमान यायला वेळ लागतो.

यराकाठ:
भिंती रद्द, तारखा पुन्हा विचारते. फोटोंचं काय?

स्पिनिफेक्स:
आई-वडिलांची परवानगी घेतल्याशिवाय मुलांचे फोटो नकोत, समाजमाध्यमांवर तर नाहीच. मृत व्यक्तीचं नाव घेणं किंवा फोटो दाखवणं अनेक ठिकाणी वर्ज्य आहे, म्हणून काढलेले फोटो वस्तीला दाखवून, नको म्हणतील ते पुसून टाका. राहिलेल्यांच्या छापील प्रती पाठवा. वाट दाखवणाऱ्या, शिकवणाऱ्या ज्येष्ठांचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा, आणि किती द्यायचं ते त्यांच्या कॉर्पोरेशनला विचारा.