नॉर्थ डकोटाच्या सरकारी बँकेत खातं उघडता येतं का?

पावसाळीपक्षी: ऑगस्टमध्ये अमेरिकेत, नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गोला एमएस करायला चाललोय. बाबा सरकारी बँकेतून रिटायर झालेत, त्यांनी कुठेतरी वाचलं की तिकडे बँक ऑफ नॉर्थ डकोटा म्हणून राज्य सरकारच्याच मालकीची बँक आहे, झालं, तेव्हापासून एकच धोशा, "प्रायव्हेटच्या नादी लागू नकोस, तिथेच खातं काढ." पण मॅपवर फार्गोत एकही शाखा दिसत नाहीये, माझंच काही चुकतंय का?

फार्गोकर: चुकत नाहीयेस रे, शाखाच नाहीत. सगळा कारभार बिस्मार्कच्या एका ऑफिसातून, फार्गोहून तीनेकशे किमी. एटीएम नाही, डेबिट कार्ड नाही. जानेवारीत उणे २५ मध्ये पासबुक भरायला जाणारेस का? कॅम्पसजवळच्या कुठल्याही बँकेत उघड, मीही तेच केलं.

बांधावरचा: मग ती बँक करते काय नुसती??

फार्गोकर: राज्याचा कर, फी वगैरे सगळा पैसा कायद्याने तिथेच जमा होतो. आणि कर्ज बहुतेक वेळा थेट नाही देत, शेतकरी गावातल्या बँकेत जातो, ती बँक प्रस्ताव आणते आणि ही त्यात भागीदारी घेते. विद्यार्थ्यांना शैक्षणिक कर्ज मात्र स्वतः देते.

मूळ भानगड गव्हाची. दर आणि प्रतवारी ठरवणार शेजारच्या राज्यातल्या मिनियापोलिसचे व्यापारी, कर्ज बाहेरच्या बँकांचं आणि व्याज वाट्टेल ते, मग शेतकऱ्यांनी नॉनपार्टिझन लीग नावाची स्वतःची राजकीय संघटना काढली, १९१६ ला आपला माणूस गव्हर्नर केला (लिन फ्रेझियर, हाही शेतकरीच), आणि १९१९ ला २० लाख डॉलर भांडवलावर बँक सुरू. सोबत सरकारी पिठाची गिरणीपण काढली, तीही चालू आहे अजून! १९२१ ला फ्रेझियरला लोकांनीच मतदान करून मुदतीआधी घरी पाठवलं, बँक मात्र राहिली.

बांधावरचा: वर कोण बसतं?

फार्गोकर: गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल आणि कृषी आयुक्त. तिघंही निवडून आलेले.

बांधावरचा: म्हणजे आमचं संचालक मंडळच की 😂 आमच्याकडच्या बँकेत अशाच निवडून आलेल्यांनी पाहुण्यारावळ्यांना कर्जं वाटली आणि माझ्या आज्जीची एफडी चार वर्षं अडकली.

फार्गोकर: ती भीती खरीच आहे, पण इथे प्रस्ताव आणणाऱ्या गावच्या बँकेचाही पैसा त्याच कर्जात अडकलेला असतो ना, त्यामुळे ती आधी नीट तपासते. पाहुण्याला द्यायचं तर स्वतःचेही घालावे लागतात.

पावसाळीपक्षी: बाबांना वाचून दाखवलं. बाकीच्या बँकांत अडीच लाख डॉलरपर्यंत एफडीआयसीचा (तिकडच्या केंद्र सरकारची ठेव विमा संस्था) विमा असतो, इथे तो नाही, ठेवींना थेट राज्याचीच हमी, एवढंच त्यांनी ऐकलं. म्हणे, "मग बघ, मी काय सांगत होतो!" 🤦 बिस्मार्कला बस जाते का हो?