लॉगबुक शेवटच्या वर्षावर ढकलू नका

इंग्लंडमधल्या डिग्री अप्रेंटिसशिपबद्दल (नोकरी करता करता पदवी) वर दोघांनी लिहिलंय की पगार मिळतो आणि फी भरावी लागत नाही. दोन्ही खरं. पण मुलं अडकतात ती लॉगबुकात, म्हणजे प्रशिक्षणाचे तास आणि केलेलं काम लिहायच्या नोंदवहीत.

ऑफ-द-जॉब तास (रोजच्या कामाव्यतिरिक्त शिकण्याचे तास) पगारी वेळेतलेच धरतात. रविवारी घरी केलेली असाइनमेंट त्यात येत नाही, बदली सुट्टी मिळाली तर गोष्ट वेगळी. वर्कशॉपमध्ये घाई आली की मॅनेजर पहिला हात घालतो तो कॉलेजच्या दिवसावर. तेव्हा बदली दिवस ईमेलवर मागा, तोंडी नको. साधारण दर १२ आठवड्यांनी आढावा असतो, तिथे तो ईमेल कामी येतो.

आता नोंद कशी करायची? 'लेथवर शाफ्ट केला' ही नोंद कुचकामी. हे बघा: '२५ मिमी शाफ्ट, सहनमर्यादा h7 (लहान एच), म्हणजे २४.९७९ ते २५.००० मिमी. मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजला, टोकांत ०.०३ मिमीचा फरक. टेलस्टॉक (लेथच्या दुसऱ्या टोकाचा आधार) सेंटरमधून सरकला होता, तो जुळवून पुढचा नग मर्यादेत आणला.' यात ज्ञान आणि कौशल्य दोन्ही दिसतं, आणि शेवटच्या मूल्यमापनात परीक्षक 'का?' विचारतो तेव्हा उत्तर तयार असतं. त्याच आठवड्यात लिहा. दोन वर्षांनी आकडे कुणाला आठवतात?

कंपनीचं ड्रॉइंग जोडण्याआधी परवानगी घ्या, विशेषतः संरक्षण किंवा विमान क्षेत्रात. भाग क्रमांक झाकावे लागतात.

आणि हो, स्टुडंट व्हिसावाल्यांना ही वाट बंद आहे.